बाबांना घरी ठेवून बाबांबद्दल बोलू नका

वाचकांचे प्रश्न, समाजसेविकेची उत्तरं : स्मृतिभ्रंशाची सुरुवात आणि घरातली माणसं

प्रश्न : ताई, आम्ही वर्तकनगरला राहतो. मी ६६ वर्षांची, हे ७१ चे. मंत्रालयातून निवृत्त झाले. गेलं वर्षभर काहीतरी बिनसलंय हे मला जाणवत होतं. गॅसचा नंबर लावला का, हे सकाळपासून दुपारपर्यंत चार-पाच वेळा विचारतात. जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावशींना दोनदा पैसे देऊन आले. मावशी भल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत केले. हे आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. मार्चअखेरचा हिशेब तीन रात्री जागूनही त्यांना जुळवता आला नाही. शेवटी मुलगी आग्रहाने न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन गेली. एमआरआय झाला, रक्त तपासलं, कागदावर घड्याळ काढायला लावलं. सुरुवातीच्या टप्प्यातला अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार आहे, असं डॉक्टरांनी मला आणि मुलीला सांगितलं. गोळी सुरू झाली आहे. ह्यांना आम्ही ती 'मेंदूच्या ताकदीची' म्हणून देतो.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, बाबांना अजिबात कळू द्यायचं नाही, ते खचतील. शिवाय बहीण उगाच बाऊ करते असं त्याला वाटतं, कारण रविवारी फोनवर बाबा ठणठणीत बोलतात. मुलगी नेरूळला. ती म्हणते, सगळे मिळून समुपदेशकाकडे जाऊ. आजार मेंदूचा आहे, मग बोलून काय होणार? आणि घरातलं परक्यापुढे कशाला मांडायचं? मी ह्यांच्यावर ओरडते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते, हे कुणाला सांगणार? ह्यांना खरं सांगायचं का? जायचं तर कोणी कोणी जायचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, जा. सगळे जा, आणि यजमानांना बरोबर घेऊन जा. त्यांना घरी ठेवून तुम्ही तिघंच गेलात, तर काम अर्धंच होईल.

आधी एक छोटी गोष्ट. रक्ताच्या तपासण्यांमध्ये बी-१२ आणि थायरॉइड होतं का, ते रिपोर्टवर पाहा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं पुष्कळदा सापडतं आणि त्यानेही विसरायला होतं. कमी ऐकू येणं, न ओळखलेलं नैराश्य, वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी, यांचीही त्यात भर पडते. डॉक्टरांनी हे पाहिलं असेलच, तरी विचारायला संकोचू नका.

आता सांगण्याचं. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं दारातच मला बाजूला घेतात आणि हळूच म्हणतात, 'त्यांच्यासमोर आजाराचं नाव काढू नका हं.' प्रेमापोटीच म्हणतात. पण तुम्हीच लिहिलंय, की हिशेब जुळवायला ते तीन रात्री जागले. ज्यांनी आयुष्यभर फायली हाताळल्या, त्यांना आपली बेरीज चुकायला लागलीय हे कळलं नसेल? कळलंय. फक्त ते कुणाशी बोलता येत नाही, कारण घरात त्या विषयावर कुणीच बोलत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात माणूस एकटा पडतो तो आजारापेक्षा या गप्प राहण्यामुळे जास्त.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सांगावं. पुढच्या तपासणीच्या आधी डॉक्टरांना तशी कल्पना द्या. त्यांनी आधी यजमानांनाच विचारावं, 'तुम्हाला स्वतःला काय जाणवतंय? तपासणीत काय निघालं ते ऐकायचंय का?' ते नको म्हणाले तर तिथेच थांबायचं. नको म्हणण्याचा हक्क त्यांचा आहे. हो म्हणाले तर नाव घेऊन सांगावं. अल्झायमर आहे, सुरुवात आहे, हळूहळू वाढत जाणारा आहे, पूर्ण बरं करणारं औषध आज नाही, पण आपल्या घरात, आपल्या माणसांत, आपल्या सवयींनी जगण्यासारखा बराच काळ हातात आहे. पुढे काय काय होत जाईल याची यादी त्या दिवशी नको. घरी येऊन लगेच नातेवाइकांना फोनाफोनीही नको. ते रागावतील, गप्प बसतील, कदाचित चार दिवसांनी विसरूनही जातील. विसरले तर पुन्हा पुन्हा आठवण करून द्यायची नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. काही जणांना आपल्यात बदल झालाय हे दिसतच नाही. तो आजाराचाच भाग असतो, हट्ट नसतो. अशा वेळी पटवून देत बसू नये.

त्या 'ताकदीच्या गोळी'बद्दलही बोलायला हवं. या आजारात बहुतेकदा डोनेपेझिल नावाची गोळी सुरू करतात. तिने काही जणांना मळमळतं, भूक मंदावते, नाडी हळू पडते, रात्री विचित्र स्वप्नं पडतात. आपण कशासाठी काय घेतोय हे ठाऊक असलेला माणूस 'ही गोळी घेतल्यापासून चक्कर येतेय' असं वेळेवर सांगू शकतो. ताकदीच्या गोळीने चक्कर येते हे त्यांना सुचणार कसं?

आता तुमचा कळीचा प्रश्न : आजार मेंदूचा, तर बोलून काय होणार? मेंदूतल्या गेलेल्या पेशी बोलण्याने परत येत नाहीत, हे खरंच. पण आजार एका माणसाच्या मेंदूत असला तरी तो राहतो सगळ्या घरात, आणि घराच्या वागण्यावर बोलण्याचा परिणाम होतो. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटेलमन यांनी १९८७ पासून अल्झायमरच्या रुग्णांच्या ४०६ जोडीदारांवर एक मोठा अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीची मदत मिळत होती. उरलेल्यांसाठी सुरुवातीच्या काही महिन्यांत सहा बैठका ठेवल्या : दोन जोडीदाराच्या एकट्याच्या, चार बाकीच्या नातेवाइकांसह. त्यानंतर अशाच जोडीदारांचा आधारगट, आणि अडेल तेव्हा समुपदेशकाला फोन करायची मुभा. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशन मिळालेल्या घरांतले रुग्ण देखभालीच्या संस्थेत दाखल होण्याची वेळ साधारण ५५७ दिवसांनी, म्हणजे दीड वर्षाने, पुढे गेली होती. आपल्याकडे संस्थेत ठेवण्याचा प्रश्न तितका येत नाही, म्हणून मला त्या आकड्यामागचं कारण अधिक मोलाचं वाटतं. या फरकातला सुमारे ६१ टक्के वाटा तीन गोष्टींचा होता : जोडीदाराला आजूबाजूच्यांचा आधार वाटू लागला, रुग्णाच्या वागण्याचा त्याला होणारा त्रास कमी झाला, आणि त्याचं नैराश्य कमी झालं. स्वयंपाकघरातल्या तुमच्या रडण्याचा आणि यजमानांच्या घरी राहू शकण्याचा असा संबंध आहे.

त्या मूळ अभ्यासात बैठका नातेवाइकांच्या होत्या. पुढे निदान लवकर होऊ लागलं, तेव्हा त्याच गटाने सुरुवातीच्या टप्प्यातल्या पती-पत्नींना समोरासमोर बसवून समुपदेशन सुरू केलं. मी तुम्हाला तेच सांगतेय. आणि हे परदेशातच जमतं असंही नाही. आपल्या शेजारी गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर काम केलं. तज्ज्ञ नव्हे, थोडं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन माहिती देत, ऐकून घेत, कामं वाटून घ्यायला मदत करत. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. फार महागडं काही लागत नाही, ताई. ऐकणारं आणि या आजाराची माहिती असलेलं माणूस लागतं.

परकेपणा वाटू नये म्हणून बैठक कशी होते ते सांगते. शक्यतो सकाळी ठेवतो, कारण संध्याकाळपर्यंत आजारी माणूस थकतो आणि गोंधळ वाढतो. पाऊण तास पुरतो. सगळ्यांचे मोबाइल बंद. ज्यांना आजार आहे त्यांना मी माझ्या समोर बसवते, कडेला नाही. मग मी विचारते, 'काका, आज नाश्त्याला काय होतं?' उत्तर काकूंकडून येतं, 'पोहे.' मी पुन्हा काकांकडे बघून विचारते. पुन्हा काकूच. कधी मुलगी. हे इतकं नेमाने घडतं की घरच्यांच्या ते ध्यानातही येत नाही. मग मी काकूंना म्हणते, आता आपण थांबू. खोलीत शांतता पसरते, काकू अस्वस्थ होतात, आणि थोड्या वेळाने काका म्हणतात, 'उपमा.' उपमा तर उपमा. त्यांना बोलायला जागा मिळाली हे महत्त्वाचं. पोह्यांची दुरुस्ती केली नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. अशी जागा मिळाली की पुढच्या बैठकीला तोच माणूस मनातलं बोलायला लागतो. 'हिला त्रास होतो ते मला दिसतं' हे वाक्य मी कितीतरी यजमानांच्या तोंडून ऐकलंय. बायकोने ते पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

तुमच्यासाठी एकटीची बैठकही मागून घ्या. ओरडणं, रडणं, पुढची भीती, हे त्यांच्यासमोर बोलता येणार नाही आणि बोलायला तर हवं. ओरडता म्हणून तुम्ही वाईट नाही. तोच प्रश्न पाचव्यांदा ऐकणारी कुणीही ओरडेल. मात्र त्या प्रश्नामागे काय आहे ते पाहा. गॅसचा नंबर ही तुमच्या घरात बहुधा त्यांची जबाबदारी असणार. ती सुटून जाईल या धास्तीने ते विचारतात. बैठकीत त्यांना विचारा, कुठली कामं तुमच्याकडेच राहू द्यायची? गॅस म्हणाले तर गॅस त्यांच्याकडेच. तुम्ही शेजारी बसा, फोन त्यांनी लावायचा, आणि लावला की फ्रिजवरच्या कालनिर्णयवर त्यांनीच त्यांच्या अक्षरात लिहायचं. पुन्हा विचारलं की बोट तिकडे दाखवायचं. आपलं स्वतःचं अक्षर माणसाला पटतं.

मुलाशी भांडू नका. तो खोटं बोलत नाही. फोनवरचं दहा मिनिटांचं बोलणं जुन्या सवयीचं असतं : कसा आहेस, जेवलास का, ऑफिस काय म्हणतंय. ते या टप्प्यात छान जमतं, म्हणून लांबच्या मुलाला बाबा खणखणीत वाटतात आणि जवळच्या मुलीला घाबरे वाटतात. दोघंही खरं तेच सांगताहेत. त्याला चार दिवस रजा काढून एकट्याला बाबांजवळ राहू द्या. तुम्ही ठाण्याहून नेरूळची थेट लोकल पकडून लेकीकडे जा. हे त्याला धडा शिकवायला नव्हे. तुम्हाला विश्रांती हवी आहे, आणि त्याला त्याचे आजचे बाबा भेटायला हवेत. त्यानंतर बैठकीला बसाल तेव्हा 'मदत करतो' असं मोघम वचन घेऊ नका. वीज, गॅस, सोसायटी, मेडिक्लेम ही सगळी बिलं मुलगा पुण्यातून ऑनलाइन भरेल. डॉक्टरांकडे मुलगी नेईल. महिन्यातला एक शनिवार-रविवार तुमचा स्वतःचा, त्या दोन दिवशी दोघांपैकी एक जण घरी राहील. असं कामानिशी, नावानिशी ठरवा आणि यजमानांच्या समोर ठरवा, म्हणजे कोण काय करणार हे त्यांनाही ठाऊक राहील.

खजिनदारपद सोडायला लागेल. चुकीचा ताळेबंद सभेत निघाला आणि कुणी वेडंवाकडं बोललं, तर तो घाव आजारापेक्षा खोल जाईल. पण परस्पर अध्यक्षांना फोन करून त्यांचं नाव काढू नका. त्यांच्याशी बोला, त्यांनीच सर्वसाधारण सभेत नव्या माणसाकडे वह्या सोपवाव्यात, आणि पुढचे काही महिने जुन्या नोंदी समजावून सांगायला त्या माणसाने घरी येत जावं. जुनी माहिती त्यांच्याकडे अजून पक्की असते, ती कामाला येईल.

जायचं कुठे? सुरुवात न्यूरॉलॉजिस्टकडेच करा, त्यांच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक किंवा मानसशास्त्रज्ञ असेल तर नाव विचारा. ठाण्यात १९९० पासून आय.पी.एच. ही संस्था मानसिक आरोग्याचं काम करते आहे, तिथे चौकशी करा. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ मध्ये केरळमध्ये सुरू झालेली संस्था याच आजाराचं काम करते. तिची मुंबईतही शाखा आहे. घराबाहेर पडता येत नसेल तेव्हा सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७. समुपदेशक निवडताना एवढंच पाहा : पहिल्या भेटीत तो यजमानांकडे बघून बोलतो की तुमच्याकडे? फक्त तुमच्याकडे बघून बोलत असेल तर दुसरा शोधा.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक, वय ६९, राहणार वाशी. हे पत्र मी थांबत थांबत लिहीत आहे, चुकल्यास सांभाळून घ्यावे. मला स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे आणि ते मला सांगितलेले आहे. मुलगा व सून प्रेमळ आहेत. पण आता पाहुणे आले की माझ्यासमोर 'बाबांना हल्ली जमत नाही' असे सांगतात. माझ्या हातातला कप काढून घेतात. सकाळी मी मिनी सी-शोरला फिरायला जातो, तेही बंद करायचे म्हणतात. पुढच्या आठवड्यात सर्वांनी समुपदेशकाकडे जायचे ठरले आहे. तिथे माझी तक्रार होणार असे वाटते. मी काय बोलावे? आणि माझे निर्णय मला किती दिवस घेता येतील?
– एक शिक्षक, नवी मुंबई

उत्तर : सर, तुमचं पत्र नीट पोहोचलं आणि त्यात सांभाळून घेण्यासारखं काही नाही. ज्यांना आजार आहे त्यांनी स्वतः लिहिलेली पत्रं फार थोडी येतात. तुम्ही लिहिलंत याचा मला मनापासून आनंद झाला.

ती बैठक जितकी त्यांची, तितकीच तुमची. आत गेल्यावर सुरुवातीलाच म्हणा, 'पहिली पंधरा मिनिटं मला एकट्याला बोलायचंय.' चांगला समुपदेशक याला नाही म्हणणार नाही. आजच एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : माझ्यासमोर माझ्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलू नका. कप मला धरू द्या. फिरणं बंद करू नका. बोलताना कागदात बघायला लाजू नका, तुम्ही वर्गात टाचण घेऊन जातच होता.

पाहुण्यांसमोर जे होतं त्याचा मला राग येतो, हे खरं सांगते. पण मुलगा-सून तसं बोलतात ते बहुधा घाबरून. पाहुण्यांनी काही विचारण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हावं, असं त्यांना वाटतं. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवून द्या. 'मला विसरायला होतं, जरा सावकाश बोला' हे वाक्य तुमच्या तोंडून आलं की त्यांना पुढे यावं लागणार नाही.

फिरणं चालू ठेवा, वाट मात्र रोजची तीच ठेवा. खिशात एक कार्ड, त्यावर नाव आणि मुलाचा नंबर. एखादा जुना सहकारी किंवा शेजारी सोबत असेल तर उत्तम. हालचाल शरीराला आणि मनाला दोन्हीला हवी. कानाची तपासणी झाली नसेल तर करा. मध्यम वयापासूनची बहिरेपणाची अडचण ही स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांपैकी एक मानली जाते, आणि ऐकू नीट आलं नाही तर आहे तो गोंधळही वाढतो. स्कूटर चालवत असाल तर त्याबद्दल मात्र घरच्यांचं नव्हे, डॉक्टरांचं ऐका. वाशीच्या सिग्नलवर एका क्षणात जो निर्णय घ्यावा लागतो तो पहिल्यांदा मंदावतो, आणि तिथे दुसऱ्याचाही जीव असतो.

निर्णय किती दिवस घेता येतील, याची तारीख कुणी देऊ शकत नाही. प्रत्येकाची गती वेगळी. पण एक गोष्ट लक्षात असू द्या, क्षमता एकदम जात नाही. पैशांचा गुंतागुंतीचा व्यवहार अवघड झाला तरी आज काय घालायचं, कुणाला भेटायचं, कुठला उपचार नको, हे माणूस पुढेही बराच काळ सांगू शकतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही प्रत्येकाला उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता आहे असंच गृहीत धरून चालतो. त्याच कायद्याने तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, म्हणजे पुढे तुमच्या वतीने उपचारांबद्दल कोणी बोलायचं ते साध्या कागदावर सहीनिशी लिहून ठेवता येतं. मृत्युपत्र केलं नसेल तर आत्ता करा. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही पण करावी, आणि त्या दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडावं, म्हणजे पुढे कुणी शंका घेणार नाही. खात्यांवर नॉमिनीची नोंद आहे का ते बघा, एक खातं दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं करून ठेवा.

मुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नका. पुष्कळ घरांत 'मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून टाकलंय, आता काळजी नाही' असं समजतात. आपल्या करार कायद्यानुसार, करून देणाऱ्याची मनाची क्षमता गेली की त्या मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो, म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हाच. मग तुमच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला घरच्यांना न्यायालयात जावं लागतं. म्हणून जे करायचं ते तुमच्या सहीने, तुमच्या समजुतीने, आत्ता. वकिलाकडे जाताना मुलाला बरोबर घ्या, पण वकिलाशी बोला तुम्ही.

नातवंडं असतील तर त्यांना बीजगणित शिकवणं थांबवू नका. एखादी पायरी चुकली तर ती त्यांना शोधू द्या, ती मजा त्यांनाही हवी असते.

प्रश्न : मी दहावीत आहे, कळव्याला राहते. आजीला अल्झायमर सुरू झालाय. आई-बाबा कामावर जातात म्हणून क्लासच्या आधी दोन तास मी तिच्याबरोबर असते. ती एकच गोष्ट परत परत सांगते, मला हसू येतं आणि मग खूप वाईट वाटतं. आई-बाबा समुपदेशकाकडे जातात पण मला नेत नाहीत, अभ्यास कर म्हणतात. मला पुढे हे होईल का?

उत्तर : बाळा, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. आजीला उतारवयात हा आजार झाला म्हणून तुला होईलच, असं नाही. थेट घराण्यातून उतरणारा प्रकार असतो, पण तो फार विरळा, आणि बहुतेकदा साठीच्या बराच आधी सुरू होतो. जवळच्या नात्यात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, इतकंच. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, डोक्याला मार लागणं, ऐकू न येणं, शिक्षण अर्धवट सुटणं अशी कितीतरी कारणं त्यात असतात आणि त्यातली बरीच माणसाच्या हातातली असतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये अशी १४ कारणं मांडली. ती सगळी टाळता आली तर जगभरातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे तुझा अभ्यास आणि स्कूटीवर हेल्मेट घालणं, दोन्ही यात मोडतं.

हसू आलं तर हस. तिच्या गोष्टीवर तिच्याबरोबर हसलीस तर तिलाही बरं वाटेल. तिच्यावर हसणं वेगळं, आणि तू ते करत नाहीस हे तुझ्या पत्रावरून दिसतं. तीच गोष्ट पुन्हा आली की मधलाच एखादा प्रश्न विचार : तेव्हा तू कितवीत होतीस, कुणाबरोबर गेली होतीस? जुन्या आठवणी उशिरापर्यंत टिकतात, कदाचित अशी एखादी निघेल जी तुझ्या बाबांनीही ऐकलेली नसेल.

तू रोज दोन तास आजीला सांभाळतेस. त्यामुळे बैठकीला बसायचा तुझा हक्क मोठ्यांइतकाच आहे. हे पान आई-बाबांना वाचायला दे. ताई-दादा, पुढच्या भेटीला लेकीला न्या. बोर्डाच्या परीक्षेच्या महिन्यांत ते दोन तास कोण सांभाळणार, हा त्या बैठकीतला पहिला विषय ठेवा, आणि आजीलाही त्यात विचारा. नातीच्या दहावीसाठी काय सोयीचं, हे ती आज सांगू शकते.